पाच प्रश्नांचा टॉर्ट : बारच्या परीक्षेआधीची उजळणी

ऑल इंडिया बार एक्झामिनेशन, म्हणजे एआयबीईच्या शंभर प्रश्नांत टॉर्टच्या वाट्याला पाच येतात. त्या पाचांतच मोटार वाहन कायदा आणि ग्राहक संरक्षण कायदाही भागीदार असतात. एवढ्याशा वाट्यासाठी कोण रात्र जागवणार, असं म्हणून बहुतेक उमेदवार हा विषय शेवटच्या दोन दिवसांवर ढकलतात. मनात आणखी एक दिलासा असतो : बेअर अ‍ॅक्ट आत न्यायला परवानगी आहे, अडलंच तर उघडून बघू.

दिवाणी प्रक्रिया संहितेत हा हिशेब थोडाफार जमतो. टॉर्टमध्ये तो फसतो. अपकृत्यांचा कायदा आपल्याकडे कुठल्याही एका अधिनियमात लिहिलेला नाही. इंग्लंडच्या न्यायालयांनी शतकानुशतकं आणि आपल्या न्यायालयांनी त्यानंतर दिलेल्या निकालांतून तो उभा राहिला. संसदेने अपकृत्याची व्याख्या केली आहे ती मर्यादा अधिनियम, १९६३ च्या कलम २(एम) मध्ये, आणि तीही नकारार्थी : जो दिवाणी अपराध केवळ कराराचा किंवा न्यासाचा भंग नाही, तो टॉर्ट. म्हणजे निष्काळजीपणाचे घटक परीक्षेच्या हॉलमध्ये शोधायला पानच नाही. याउलट मोटार वाहन आणि ग्राहक संरक्षण हे दोन्ही कायदे कलमवार छापलेले आहेत.

म्हणून तयारीची वाटणी सरळ करा. अर्धा विषय डोक्यात न्यायचा, अर्धा पिशवीत.

परीक्षेचं गणित

परीक्षा बार कौन्सिल ऑफ इंडिया घेते. शंभर बहुपर्यायी प्रश्न, साडेतीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या आणि इतर मागास प्रवर्गाला ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. पेपर मराठीतही निवडता येतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बॉनी फॉय लॉ कॉलेजच्या प्रकरणात ही परीक्षा घेण्याचा बार कौन्सिलचा अधिकार मान्य केला. त्यामुळे ‘ही परीक्षा कधीतरी रद्द होईल’ या आशेवर कुणी राहू नये.

बेअर अ‍ॅक्टवर टिपणं, खुणा, हेडनोट असलेलं काहीही चालत नाही. प्रत्येक खेपेची अधिसूचना वेगळी वाचा, कारण नियम बदलत आले आहेत.

चार प्रश्नांची चौकट

उदाहरण कसंही फिरवून विचारलं, तरी चार गोष्टी त्याच क्रमाने तपासा. वादीचा कोणता कायदेशीर हक्क मोडला? प्रतिवादीचा दोष कोणता : हेतू, निष्काळजीपणा, की दोषाची गरजच नाही? नुकसान सिद्ध करावं लागतं का? आणि प्रतिवादीला एखादा बचाव आहे का?

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाच्या मधोमध दोन लॅटिन सूत्रं बसतात आणि परीक्षकाला ती फार आवडतात. ‘डॅमनम सायने इंजुरिया’ म्हणजे नुकसान आहे, पण हक्कभंग नाही. शाळेशेजारी दुसरी शाळा निघाली आणि पहिलीला फी कमी करावी लागली, तरी दावा चालत नाही. १४१० चं ग्लॉस्टर ग्रामर स्कूलचं हे प्रकरण. ‘इंजुरिया सायने डॅम्नो’ म्हणजे हक्कभंग आहे, खिशाला झळ नाही. अ‍ॅशबी विरुद्ध व्हाइट, १७०३ : मतदाराला मत देऊ दिलं नाही, त्याचा उमेदवार निवडूनही आला, तरी भरपाई मिळाली. आपल्याकडचं उदाहरण भीमसिंग विरुद्ध जम्मू आणि काश्मीर राज्य, १९८५. आमदाराला अटक करून विधानसभेच्या अधिवेशनाला जाऊ दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५०,००० रुपये द्यायला लावले.

पर्यायांत दोन्ही सूत्रं शेजारी ठेवलेली असतात. गोंधळ झाला तर एवढंच पाहा : पैसे गेले की हक्क गेला? हक्क गेला असेल, तर दावा आहे.

हेतुपुरस्सर अपकृत्यं : व्याख्येतला एकेक शब्द

या गटात गुण मिळतात ते काटेकोर व्याख्येवर. असॉल्टमध्ये स्पर्श नसतो, तत्काळ बळ वापरलं जाईल अशी वाजवी धास्ती असते. बॅटरीमध्ये प्रत्यक्ष स्पर्श लागतो. पाठमोऱ्या माणसाच्या डोक्यात मागून काठी घातली, तर बॅटरी झाली. त्याला आधी काही कळलंच नाही, म्हणून असॉल्ट नाही.

फॉल्स इम्प्रिझनमेंटमध्ये अडवणूक संपूर्ण हवी. एक वाट बंद केली आणि दुसरी मोकळी असली, तर ती अडवणूक ठरत नाही, हे १८४५ च्या बर्ड विरुद्ध जोन्सने सांगितलं. आपण कोंडले गेलो आहोत याची जाणीव असणं मात्र गरजेचं नाही.

मॅलिशियस प्रॉसिक्यूशनचे घटक मोजून पाठ करा : प्रतिवादीने खटला भरला, तो वादीच्या बाजूने संपला, खटल्याला वाजवी आणि संभाव्य कारण नव्हतं, द्वेषबुद्धी होती, आणि वादीचं नुकसान झालं. एक जरी गळला तरी दावा पडतो. खटला अजून चालू असेल, तर बाकी सगळं असूनही वादीला थांबावं लागतं.

बदनामीत दोन सापळे. इंग्लंडमध्ये लेखी बदनामीला नुकसान सिद्ध करावं लागत नाही, तोंडीला काही अपवाद वगळता करावं लागतं. भारतात हा भेद सर्वसाधारणपणे मानत नाहीत. दुसरा सापळा सत्याचा. दिवाणी दाव्यात विधान खरं आहे एवढा बचाव पुरतो. फौजदारीत, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली, ते लोकहितासाठी केलं होतं हेही दाखवावं लागतं. प्रश्नात ‘दावा’ आहे की ‘तक्रार’, हे आधी वाचा.

मुदतीचाही प्रश्न येतो. फॉल्स इम्प्रिझनमेंट, मॅलिशियस प्रॉसिक्यूशन, लेखी बदनामी आणि तोंडी बदनामी या चौघांना मर्यादा अधिनियमाच्या अनुच्छेद ७३ ते ७६ खाली एकच वर्ष मिळतं.

न्यूसन्समध्ये सार्वजनिक आणि खासगी हा भेद लक्षात ठेवा. सार्वजनिक उपद्रवाबद्दल एकट्या माणसाला भरपाई हवी असेल, तर इतरांपेक्षा वेगळं, विशेष नुकसान दाखवावं लागतं. भावना दुखावणं हा उपद्रव नव्हे. ‘जय संतोषी माँ’ या चित्रपटाने धार्मिक भावना दुखावल्या म्हणून मनाई मागणारा उषाबेन यांचा दावा गुजरात उच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मान्य केला नाही.

निष्काळजीपणा : इथे वेळ द्या

टॉर्टचा एकच भाग वाचायला वेळ असेल, तर तो हा. घटक तीन : काळजी घेण्याचं कर्तव्य, त्याचा भंग, आणि त्या भंगातून झालेलं नुकसान.

कर्तव्य कोणाबाबत, याचं उत्तर १९३२ च्या डोनोग्यू विरुद्ध स्टीव्हन्सनमध्ये आहे. स्कॉटलंडच्या पेस्ली गावातल्या कॅफेत मैत्रिणीने जिंजर बिअर घेऊन दिली आणि अपारदर्शक बाटलीतून गोगलगाईचे कुजलेले अवशेष निघाल्याची तक्रार झाली. पिणारीचा उत्पादकाशी करार नव्हता. तरीही, आपल्या कृतीचा ज्यांच्यावर थेट परिणाम होईल हे वाजवीपणे दिसतं, ते सगळे कायद्याच्या अर्थाने आपले शेजारी, असं लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी ठरवलं.

भंगाची कसोटी म्हणजे वाजवी माणूस त्या परिस्थितीत कसा वागला असता. व्यावसायिकांना मोजपट्टी वेगळी, १९५७ च्या बोलम प्रकरणातली : त्या पेशातल्या जाणकारांच्या एका जबाबदार गटाला मान्य असलेली पद्धत वापरली असेल, तर निष्काळजीपणा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यूमध्ये ही कसोटी स्वीकारली आणि डॉक्टरला फौजदारीत दोषी धरायचं तर निष्काळजीपणा ढोबळ, घोर स्वरूपाचा हवा असं स्पष्ट केलं. दिवाणी भरपाईला एवढी पायरी चढावी लागत नाही. पर्यायांत हे दोन्ही सरमिसळ करून दिलेले असतात.

या विषयातली दोन महत्त्वाची प्रकरणं महाराष्ट्रातली आहेत आणि ती एकदा कळली की विसरत नाहीत. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं. पुरेशी भूल न देता जास्त जोर लावून हाड बसवलं गेलं आणि त्या धक्क्याने तो दगावला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले हे ते प्रकरण. ३,००० रुपयांची भरपाई कायम झाली. डॉक्टरची कर्तव्यं तीन आहेत, हे त्यात सांगितलं : रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना, आणि तो देताना काळजी घेणं.

दुसरं अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९९६. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहिला आणि ती स्त्री मरण पावली. पोटात टॉवेल कसा राहिला, हे वादीने आणखी काय सिद्ध करायचं? वस्तुस्थितीच बोलते. हेच ‘रेस इप्सा लोक्विटर’. चांदणी चौकातला घंटाघराचा मनोरा कोसळून माणसं मेली, तेव्हा १९६६ च्या सुभगवंती प्रकरणात दिल्ली महापालिकेला याच तत्त्वाने जबाबदार धरलं. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता आणि तशा बांधकामाचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. हे तत्त्व पुराव्याचा नियम आहे, स्वतंत्र अपकृत्य नाही. वस्तू प्रतिवादीच्या ताब्यात होती आणि काळजी घेतली असती तर अशी घटना सहसा घडत नाही, एवढं असलं की खुलासा प्रतिवादीकडून मागितला जातो.

नुकसान किती लांबपर्यंत प्रतिवादीच्या माथी मारायचं, हा शेवटचा टप्पा. १९२१ च्या रे पोलेमिसने थेट परिणामाची कसोटी दिली. १९६१ च्या वॅगन माउंडने ती मागे सारून, झालेल्या नुकसानीचा प्रकार आधी कल्पता येत होता का, हे विचारलं. उत्तर लिहिताना वॅगन माउंड धरा.

वादीचाही दोष असेल, तर कॉन्ट्रिब्युटरी नेग्लिजन्स. आज भरपाई दोषाच्या प्रमाणात कमी होते, दावा संपत नाही. कॉम्पोझिट नेग्लिजन्समध्ये मात्र दोष दोघा-तिघा प्रतिवादींचा असतो, वादीचा नसतो. मग वादी संपूर्ण रक्कम त्यांच्यापैकी कोणाकडूनही मागू शकतो.

बचाव

‘व्होलेंटाय नॉन फिट इंजुरिया’ला धोक्याची नुसती माहिती पुरत नाही, तो पत्करलेला असावा लागतो. सुटलेल्या घोड्यांपुढे जाऊन लोकांना वाचवणाऱ्या पोलिसाला हा बचाव आडवा आला नाही : हेन्स विरुद्ध हारवुड, १९३५. अ‍ॅक्ट ऑफ गॉडला नैसर्गिक शक्ती आणि अपवादात्मकता दोन्ही लागतात. मुंबईत जुलैमध्ये जोराचा पाऊस पडला, एवढ्याने हा बचाव मिळत नाही. मानवी हात गुंतलेला पण टाळता न येणारा प्रसंग असेल, तर तो इनएव्हिटेबल अ‍ॅक्सिडेंट.

स्ट्रिक्ट आणि अ‍ॅब्सोल्युट

या जोडीवर प्रश्न येण्याची शक्यता मोठी. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर, १८६८ : गिरणीसाठी बांधलेल्या तलावाचं पाणी शेजारच्या कोळसा खाणीत शिरलं. धोकादायक वस्तू जमिनीवर आणली, वापर नैसर्गिक नव्हता, आणि ती निसटली, की दोष नसतानाही मालक जबाबदार. पण पाच पळवाटा आहेत : वादीचा स्वतःचा दोष, अ‍ॅक्ट ऑफ गॉड, तिऱ्हाइताचं कृत्य, वादीची संमती, आणि कायद्याने दिलेला अधिकार.

भोपाळनंतर वर्षभरातच, डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. एम. सी. मेहता प्रकरणात सरन्यायाधीश भगवती यांनी ते पाचही दरवाजे बंद केले. घातक उद्योग चालवणाऱ्याला एकही अपवाद नाही, वस्तू आवाराबाहेर निसटण्याची अट नाही, आणि भरपाई उद्योगाच्या आकाराच्या आणि ऐपतीच्या प्रमाणात. प्रश्नात ‘घातक उद्योग’ दिसला की अ‍ॅब्सोल्युट. साधी पाण्याची टाकी किंवा पाळलेलं हिंस्र जनावर दिसलं, तर रायलँड्सकडे वळा.

पैसे कोणाकडून?

नोकराने नोकरीच्या ओघात केलेल्या अपकृत्याला मालक जबाबदार. इथली जोडी कायम लक्षात ठेवा. चालकाने कंपनीची मनाई मोडून दुसऱ्या बसशी शर्यत लावली, तरी कंपनी जबाबदार, कारण तो नेमून दिलेलं कामच वाईट पद्धतीने करत होता : लिम्पस प्रकरण, १८६२. वाहकाने बस चालवली, तर नाही, कारण ते त्याचं कामच नव्हतं : बिअर्ड प्रकरण, १९००.

राज्याच्या बाबतीत विद्यावती, १९६२ आणि कस्तुरीलाल, १९६५ हे परस्परविरोधी दिसणारे निकाल एकत्र वाचा. जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीहून परत आणताना अपघात झाला, राज्य जबाबदार. पोलिसांनी जप्त केलेलं सोनं हवालदाराने पळवलं, राज्य सुटलं, कारण जप्ती हे सार्वभौम कृत्य मानलं गेलं. पुढे नागेंद्र राव, १९९४ मध्ये हा भेद बराच आकुंचित झाला. मूलभूत हक्क मोडला असेल तर वाट वेगळीच : रुदल साह, १९८३ आणि नीलाबती बेहरा, १९९३ मध्ये रिट अधिकारातच भरपाई मिळाली. तिथे सार्वभौमत्वाचा बचाव चालत नाही.

मोटार वाहन कायदा : जुनं पुस्तक बाजूला ठेवा

पिशवीतला भाग इथून सुरू होतो आणि इथे धोका जुन्या आवृत्तीचा. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १४० चं प्रकरण वगळलं आणि भरपाईच्या नव्या तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या. जुन्या गाइडमधले ५०,००० आणि २५,००० हे आकडे आता गैरलागू. आज कलम १६४ खाली दोष सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. हिट अँड रनला कलम १६१ खाली मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,०००. कलम १६६ खाली निष्काळजीपणा दाखवावा लागतो. अर्जाची मुदत कलम १६६(३) मध्ये अपघातापासून सहा महिने. अर्ज अपघाताच्या ठिकाणी, अर्जदार राहतो तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे करता येतो.

रक्कम काढण्याची पद्धत सरला वर्मा, २००९ आणि प्रणय सेठी, २०१७ या निकालांत आहे. म्हणजे हीदेखील बेअर अ‍ॅक्टमध्ये सापडणार नाही. एकदा हाताने करून पाहा. मृत व्यक्ती ३२ वर्षांची, कायम नोकरी, महिना ३०,०००, अवलंबून असलेले तिघे. चाळिशीच्या आतली कायम नोकरी म्हणून भविष्यातल्या वाढीचे ५० टक्के मिळवा : ४५,०००. दोन-तीन अवलंबितांसाठी स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा : ३०,०००. वर्षाचे ३,६०,०००. ३१ ते ३५ वयाचा गुणक १६, म्हणून ५७,६०,०००. त्यावर संपदेची हानी, सहवासाची हानी आणि अंत्यसंस्कार या ठरलेल्या रकमा.

ग्राहक संरक्षण : कलमातही चकवा

२०१९ चा अधिनियम २०२० च्या जुलैत अमलात आला. कलम ३४ उघडाल तर जिल्हा आयोगाची मर्यादा १ कोटी दिसेल. त्यावर उत्तर टिकवलंत तर फसाल. डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती ५० लाखांवर आणली. ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. ही रक्कम ग्राहकाने दिलेल्या मोबदल्याची धरायची, त्याने मागितलेल्या भरपाईची नाही. तक्रारीची मुदत २ वर्षं. ग्राहक स्वतः राहतो तिथेही तक्रार करता येते.

उत्पादन दायित्वाची कलमं ८२ ते ८७ डोनोग्यूच्या शेजारी ठेवून वाचा. तिथे उत्पादकाची हयगय दाखवावी लागली, इथे वस्तूतला दोष दाखवला की बरंचसं काम होतं. डॉक्टरांची सशुल्क सेवा कायद्याच्या कक्षेत आहे, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता प्रकरणाने ठरवलं. वकिलांची सेवा कक्षेत नाही, हे मे २०२४ मध्ये डी. के. गांधी प्रकरणात ठरलं. वकिलीच्या परीक्षेत हा प्रश्न विचारण्याचा मोह परीक्षकाला होणारच.

शेवटचे चार दिवस

पहिल्या दिवशी चार प्रश्नांची चौकट आणि हेतुपुरस्सर अपकृत्यं. दुसरा पूर्ण दिवस निष्काळजीपणाला. तिसऱ्या दिवशी बचाव, स्ट्रिक्ट-अ‍ॅब्सोल्युट आणि मालकाचं दायित्व. चौथ्या दिवशी दोन्ही बेअर अ‍ॅक्ट हातात घ्या. प्रत पुढच्या दुरुस्त्यांसह छापलेली आहे ना, ते कलम १६१, १६४ आणि १६६(३) उघडून तपासा. १६४ मध्ये ५ लाख दिसत नसतील, तर ती प्रत घरी ठेवा आणि नवी घ्या.

प्रकरणांची नावं लांबलचक यादी करून घोकू नका. प्रत्येक नावापुढे एका ओळीत वस्तुस्थिती आणि एका ओळीत नियम लिहा. मग वस्तुस्थितीची बाजू झाकून नुसत्या नियमावरून प्रकरण आठवा, आणि पुन्हा उलट करा. पेपरात प्रश्न दोन्ही दिशांनी येतो. हॉलमध्ये टॉर्टचे निकालांवरचे प्रश्न आधी, डोक्यातूनच सोडवा. आकडे आणि कलमं विचारणारे प्रश्न बाजूला ठेवून नंतर बेअर अ‍ॅक्टवर पडताळा. एकही प्रश्न कोरा सोडू नका, कारण चुकीला शिक्षा नाही.

ही मेहनत पाच गुणांपुरती राहत नाही. परीक्षा पास झाल्यावर सीनिअरच्या कार्यालयात नव्या वकिलाच्या हाती सुरुवातीला येणाऱ्या फायलींत मोटार अपघात न्यायाधिकरणातले अर्ज आणि ग्राहक आयोगातल्या तक्रारी पुष्कळ असतात. मुदत कोणती, गुणक किती, अर्ज कुठे करायचा, हे प्रश्न तेव्हा पक्षकार विचारतो, आणि त्याच्यापुढे पर्याय चार नसतात.